यादीतून गेलेलं नाव

मित्रांनो, भोपाळच्या एका विद्यापीठात इंग्रजी विभागाच्या जिन्यासमोर एक सूचनाफलक टांगलेला आहे. तो मी. विभागातल्या बहुतेक प्राध्यापकांपेक्षा वयानं मोठा.

अशोका गार्डन भागातल्या एका सुतारानं मला घडवलं. सागाची चौकट आणि वर हिरवं कापड. निकाल लागला की माझ्यापुढे झुंबड उडायची. पुढे निकाल मोबाइलवर गेले आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना. मान उरला तो एकाच दिवसाचा. वर्षातून एकदा ‘प्राध्यापकांच्या उपलब्धी’ अशी यादी माझ्यावर लागते. कुणाचा शोधनिबंध, कुणाचं पुस्तक, कुणाचं परदेशातलं भाषण, आणि खाली विभागप्रमुखांची सही. त्या दिवशी मी उगाच छाती फुगवून असतो.

यंदा त्या यादीत सर्वांत वर शालिनी देशकर यांचं नाव होतं. शालिनीताई इथे अकरा वर्षं अतिथी विद्वान आहेत. अतिथी म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक, आणि ती झाली नाही तर घरी बसायचं. १९५६ साली राजधानीबरोबर नागपूरच्या सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या, तेव्हा इथे आलेल्या मराठी बायकांनी माहेरी पाठवलेली पत्रं ताईंनी शोधून काढली. सुट्ट्यांमध्ये नागपूर, अमरावतीला जाऊन जुन्या ट्रंका उपसल्या आणि ती सगळी पत्रं इंग्रजीत आणली. पुस्तकाचं फार कौतुक झालं. पण छापताना विभागप्रमुख जयंत मुळे सर म्हणाले होते, की विद्यापीठ फक्त विभागाच्या नावानं छापतं, तुझं नाव यादीत येईलच. ताईंनी विश्वास ठेवला. त्यामुळे मुखपृष्ठावर नाव आलं ‘इंग्रजी विभाग’.

आणि यंदाची यादी लागली नेमक्या त्याच आठवड्यात ताईंची पक्क्या जागेची मुलाखत आली. पुस्तक कुणाचं, याचा पुरावा म्हणून सरांच्या सहीची हीच यादी लागणार होती.

ताईंचं नाव माझ्यावर दोन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शिपाई काशिनाथनं ती यादी काढली आणि दुसरी लावली. त्यात पुस्तकापुढे लिहिलं होतं, ‘विभागाचा ग्रंथ, मार्गदर्शन : डॉ. जयंत मुळे’.

“मॅडम, मला ऑर्डर आली, मी लावली,” काशिनाथ खाली बघत ताईंना म्हणाला. “माझ्यावर नाराज नका होऊ.”

तेवढ्यात सर जिना चढून आले.

“सर, कालपर्यंत माझं नाव होतं.”

“शालिनी, आज विभागाच्या मूल्यांकनाची समिती येतेय. सर्वांत मोठं काम अतिथीनं केलं असं दिसलं, तर आम्ही पक्के लोक काय करत होतो, असं विचारतील. ते गेले की परत लावू.”

“माझी मुलाखत उद्या आहे सर.”

“मी बोलतो ना मुलाखत घेणाऱ्यांशी. टेन्शन नको घेऊ.”

सर वाईट नाहीत हो. घाबरट आहेत. पण घाबरट माणसाच्या हातून दुसऱ्याचं किती नुकसान होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. समिती आली, माझ्यापुढे उभी राहिली, मान डोलावून गेली. मुलाखत घेणाऱ्यांशी सर बोलायचे राहूनच गेले. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. यादी तशीच राहिली, आणि मला माझ्या हिरव्या कापडाची लाज वाटू लागली.

परवा रसिका नावाची पहिल्या वर्षाची मुलगी पत्रांचं ते पुस्तक हातात घेऊन माझ्यापुढे थांबली. शालिनीताई वर्गातून येत होत्या.

“मॅडम, ही पत्रं कुणी गोळा केली? मला त्यांना भेटायचंय. बिट्टन मार्केटजवळ राहणाऱ्या माझ्या आजीकडे पण अशी पत्रं आहेत, ती कुणालाच हात लावू देत नाही. त्यांना देईल बहुतेक.”

मित्रांनो, मला रंग नको, काच नको, माझ्यावरची धूळही कुणी पुसू नका. पण टाचणी टोचण्याआधी एवढं विचारत जा, की हे काम कुणाचं आहे. कारण परवा रसिकानं विचारल्यावर ताईंनी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, हातातली पुस्तकं सावरली आणि त्या पोरीला म्हणाल्या, “विभागानं.”