गाळाच्या चाळणीतलं निळं कवच

मित्रांनो, पिठाची चाळणी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. मी समुद्रतळाच्या गाळाची जुनी चाळणी आहे. पितळेची कड, तारांची जाळी, आणि भोकं तर डोळ्यांना दिसूही नयेत इतकी बारीक.

प्रयोगशाळेतल्या मोरीवर माझं आयुष्य गेलं. चिखल पाण्याबरोबर वाहून जायचा आणि माझ्यावर चिमूटभर रवाळ वाळू उरायची. ती वाळू नव्हेच, लाखो वर्षांपूर्वी समुद्रात जगलेल्या इवल्या जीवांची कवचं! कोणता जीव कोणत्या काळातला, हे तिथल्या संशोधक ताईंना तोंडपाठ. त्यावरून त्या गाळाचं वय सांगत. तेव्हाचा समुद्र थंड होता की उबदार, तेही सांगत.

मला धुणारे मामा मोठे काटेकोर. प्रत्येक नमुन्यानंतर मला घासून निळ्या रंगात बुडवायचे. एखादं कवच जाळीत अडकून राहिलंच, तर ते निळं व्हावं आणि पुढच्या नमुन्यात उपरं म्हणून ओळखू यावं, एवढ्यासाठी. ताई हसायच्या, "मामा, चाळणीला किती नटवाल!"

एकदा मामांच्या गुडघ्याने दगा दिला. ताईंनी स्वतःच घाईघाईत गाळ चाळला आणि निळ्या रंगाला फाटा दिला. आधी चाळलेल्या वरच्या, अलीकडच्या थरातलं एक अडकलेलं कवच माझ्या जाळीतून सुटून तळाच्या, जुन्या थराच्या नमुन्यात पडलं. मला कळलं होतं, पण मला तोंड कुठे आहे?

त्या एका कवचावरून ताईंनी ठरवलं, की तळाचा गाळ सगळे मानतात त्याहून वीस लाख वर्षांनी अलीकडचा आहे. केवढं कौतुक झालं! मोठ्या सभेत हे मांडायला चार दिवस उरले होते, तेव्हा मामा काठी टेकत कामावर आले.

"ताई, त्या दिवशी निळ्यात बुडवली होती ना?"

ताईंचा चेहरा उतरला. "नाही हो, मामा. राहून गेलं."

"मग तळाचा उरलेला गाळ पुन्हा धुऊ या."

या वेळी मामांनी मला आधी रंगात बुडवलं. नंतर ताई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या, त्या उठेचनात. जुन्या पांढऱ्या कवचांत त्याच अलीकडच्या जातीचं आणखी एक कवच होतं. ते निळंशार होतं.

ताईंबरोबर सभेहून परतल्यावर मामांनी मोरीपाशी मला घासताना सांगितलं, की ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गाळाचं वय बदललेलं नाही. मी चाळणी नीट धुतली नव्हती." मला भरून आलं.

आता माझी जाळी फाटली आहे. मी खिळ्यावर लटकते. मित्रांनो, हाताखालच्या वस्तू घाईत धुऊ नका. आमच्यात काय अडकलं आहे, ते आम्हांला सांगता येत नाही.

मामाही आता नाहीत. ताई नवी चाळणी रोज स्वतः रंगात बुडवतात आणि मामांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून हळूच म्हणतात, "बुडवली हो, मामा."