चालू मार्गाची पाटी

अडतीस नंबरची बस थांब्यासमोरून तशीच पुढे निघून गेली की वहिनींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खाली थांब्यावर गाडीला हात दाखवत उभ्या त्यांच्या सासूबाई, वर ड्रायव्हर. तो बिचारा पंजा हलवून "माफ करा, आजी" म्हटल्यासारखं करायचा आणि गाडी दामटायचा. थांब्याच्या खांबावर बाकीच्या मार्गांच्या पाट्या जागच्या जागी होत्या. अडतीसची तेवढी गायब, पडलेल्या दातासारखी. आणि ड्रायव्हरांना सक्त ताकीद होती, ज्या खांबावर आपल्या नंबराची पाटी नाही तिथे गाडी उभी करायची नाही. म्हणजे माणूस दिसला तरी चालेल, पण पाटी दिसली पाहिजे!

सासूबाईंना जायचं असायचं ते धाकट्या बहिणीकडे. ती अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी जायचं, तिची वेणी घालायची आणि वेणीचा शेवटचा पेड पडेपर्यंत तिच्याशी कडाडून भांडायचं. "काल तू मला लबाड म्हणालीस" इथून सुरुवात. डॉक्टरांच्या गोळ्यांनी येत नव्हती ती रग त्या भांडणाने दोघींच्या अंगात यायची. आता पाटी गेल्यापासून बहीण तिकडे केस मोकळे टाकून पडलेली आणि सासूबाई इकडे खिडकीत. पुढचा थांबा चढावाच्या पलीकडे, आणि गुडघे म्हणजे नुसती कुरकुर. मुलाने टॅक्सीचं सुचवलं तर म्हणाल्या, "मला पोचवायला-आणायला माणूस लागला ना, की मी म्हातारी झाले असं समज." फोन करून दिला तर, "फोनवर काय वेणी घालू?"

वहिनी शिलाईच्या दुकानात काज-बटणं करायच्या. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या बस ऑफिसच्या खिडकीवर जाऊन भांडायच्या.

"ताई, पाटी चोरीला गेलीय," खिडकीतला साहेब म्हणायचा.

"ते मलाच तुम्हाला सांगायला लागलं होतं. नवी कधी?"

"वर कळवलंय."

"वर म्हणजे कुठे? ढगात?"

शेवटी वहिनींनी स्वतःच पुठ्ठ्यावर ठळक अडतीस रंगवला आणि खांबाला बांधला. दुसऱ्याच दिवशी चेकरने तो टराटरा फाडला. म्हणे, खासगी पाटी चालत नाही. त्या दिवशी घरी येऊन वहिनींनी भांडी अशी आपटली, की शेजारच्यांनी टीव्ही बंद करून कान दिला.

"कोण मेला असेल तो चोर! त्याच्या आईला असं ताटकळत बसवलं असतं तर कळलं असतं!"

वहिनींचे यजमान ताटात बघून म्हणाले, "भंगारात गेली असेल ती. आता सोडून दे."

यजमानांना जुन्या पाट्यांचा नाद. औषधांच्या दुकानातून आले की मागच्या खोलीत शिरायचे. तिथे भिंतभर थांब्यांवरच्या नंबरपाट्या, इनॅमलच्या, जाड पत्र्याच्या, मऊ फडक्याने पुसलेल्या. बायकोच्या वाढदिवसाची आठवण तिलाच करून द्यावी लागायची, पण कुठल्या पाटीचा निळा कधी बदलला ते यांना झोपेतही सांगता आलं असतं. अशाच सात-आठ नादिष्टांचं एक मंडळ होतं आणि त्या मंडळाचा एकच कडक नियम होता, पाटी काढायची ती बंद पडलेल्या मार्गाचीच. वहिनींना नाद पटत नसला तरी हा नियम आवडायचा. चोऱ्या तरी करत नाहीत, म्हणायच्या.

रविवारी मंडळातले दोघे आले, एक टकले, एक दाढीवाले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन खोलीच्या दाराशी पोचल्या तर तिघंही टेबलावर असे वाकलेले, जणू पाळण्यातलं मूल बघतायत.

"काय झळाळी आहे!" दाढीवाले म्हणत होते. "अडतीसची असली पाटी आता उभ्या शहरात नसेल."

"नाहीच आहे!" वहिनी म्हणाल्या. "मला विचारा ना!"

यजमान गर्रकन वळले. पॉलिश केलेल्या गुळगुळीत फळीवर, मधोमध, अडतीसची पाटी. खालचा कोपरा टँकरच्या धक्क्याने दुमडलेला, तो वहिनींनी हजारदा पाहिलेला.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. इतका हळू, की यजमान जास्तच घाबरले.

"अगं, ऐक. रस्ता खोदला होता ना, तेव्हा बस पलीकडून जायची. मंडळात निरोप आला, मार्ग बंद झाला म्हणून. मेलेल्या मार्गाची समजूनच काढली मी."

"आणि मेलेला मार्ग उठून पळायला लागला तेव्हा?"

"तोवर फळीवर चिकटवून झाली होती."

"मग?"

"हा गोंद एकदा बसला की सुटत नाही. ओढली तर इनॅमल उडेल."

"उडू दे!"

"वहिनी!" टकले कळवळले, जणू कुणी त्यांचीच कातडी सोलत होतं.

"तुम्ही मध्ये पडू नका, भावजी. अहो, मी त्या खिडकीवर घसा फोडत होते. तुम्ही समोर बसून भाजी मागत होता. चोराला शिव्या घालत होते मी, आणि तुम्ही म्हणालात, सोडून दे! जन्मदात्रीला खिडकीत बसवून इथे फडक्याने पाटी पुसत होता? लाज कशी नाही वाटली?"

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते कुणालाच कळलं नव्हतं.

"तुला ठाऊक होतं, बाळा?"

त्या वयाच्या माणसाने 'बाळा' ऐकून मान खाली घातली. सासूबाई थोडा वेळ त्याच्या भांगाकडे बघत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, "माझी पिशवी दे गं. दुपारची गाडी यायची वेळ झालीय."

वरात निघाली. पुढे सासूबाई, मग वहिनी, मागे फळी छातीशी धरलेले यजमान आणि सगळ्यात शेवटी तोंड पाडून दोघे पाहुणे. खांबाशी गेल्यावर कळलं, पाटीची भोकं फळीने बुजलेली. नटबोल्ट बसणार कुठे?

"धरा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"खांबाला टेकवून धरा. वर. अजून वर."

"लोक बघतायत."

"बघू देत. नंबरपाटी बघायलाच असते. मागच्या खोलीत ठेवायला नसते."

अडतीस आली. ड्रायव्हरचा पंजा सवयीने वर गेला, मग अर्ध्यातच थांबला. खांब, खांबाला पाटी, पाटीला चकचकीत फळी आणि फळीला एक घामेजलेला गृहस्थ. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"ही ऑफिसचीच आहे ना?" त्याने विचारलं.

"ऑफिसचीच," वहिनी म्हणाल्या. "घरी पाहुणी आली होती."

सासूबाई दांडा धरून एकेक पायरी चढल्या. खिडकीशी बसल्या आणि लेकाकडे न बघता कंगवा पिशवीतच आहे ना, ते चाचपून घेतलं. गाडी गेली.

"झालं?" यजमानांनी हात खाली घेतले.

"झालं कसं? गाडी गोल फिरून इथेच येते. आई उतरायच्या कुठे? मी सुताराला घेऊन येते. फळी आरपार भोकं पाडून बोल्ट मारू देत त्याला. तोवर हात वर."

"भोकं? त्या पॉलिशला?" दाढीवाले पुटपुटले.

वहिनींनी नुसतं बघितलं. ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि फळीचं एक टोक मुकाट्याने धरलं.

वहिनी कोपऱ्यापर्यंत पोचल्या असतील, तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई थांब्यावर आली. पाटी वाचली, ती धरणाऱ्याकडे पाहिलं. "अडतीस इथे थांबते ना हो?"

यजमानांनी मान हलवली.

"तोंडाने सांगा!" कोपऱ्यावरून वहिनी ओरडल्या.

"थांबते," यजमान म्हणाले. मग जरा मोठ्याने, "थांबते. उभ्या राहा."