शिकलेल्या हाताचा शेक

सूनबाई नर्स झाली ती घरबसल्या, कॉलेजने टपालाने धाडलेल्या पुस्तिकांवर. दिवसभर शिवणकाम, मशीन थांबलं की पाठांतर. धडे डोक्यात राहावेत म्हणून ती ते अंगाईच्या चालीवर गुणगुणायची. सासू पलंगावर पडून ऐकायची, ठेका चुकला की हटकायची, "परत म्हण. नाडी कुठे गेली?" पट्ट्या बांधायच्या सरावाला हात सासूचा, पाय सासूचा. सासू हसायची, "आणखी दोन धडे झाले की पट्ट्यांत मी कुणाला दिसायचीच नाही!"

प्रमाणपत्र आलं. पहिला वर्ग. सासूने ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून नुसतंच कुरवाळलं.

सासूला साखरेचं दुखणं जुनं. थंडी पडली आणि तिचे पाय बधिर झाले. डावा जास्तच.

"पाय आहे का गेला, कळतच नाही गं."

धडा तोंडपाठ होता. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक, रोग्याला सोसवेल तितका. रोग्याला विचारा, असं पुस्तिकेत होतं. आधी आपला हात बुडवून बघा, असं नव्हतं.

"सोसवतंय ना, आई?"

"काही लागत नाही. ओत की अजून, हात आखडू नकोस!"

तिने ओतलं.

फोड आले, फुटले, चिघळले. तिने रोज मायेने पट्टी बदलली. दवाखान्यात नेलं तेव्हा पाऊल काळं पडलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बधिर पायाला कढत पाणी? कुणी सांगितलं हे?"

सासूने उशीवरून मान उचलली. "आमची सूनच करते हो सगळं. शिकलेली आहे. पहिल्या वर्गात पास!"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं.

पाऊल कापावं लागलं.

तिने कॉलेजच्या सरांना फोन लावला. "सर, शेकाचा धडा चुकलाय. माझ्या सासूबाईंचा पाय गेला. बाकीच्यांना तरी कळवा."

"अरेरे! ताई, तो विषय पुढच्या कोर्सला सविस्तर आहे. तुम्हाला सवलत देऊ."

"पण बाकीचे धडे? ते तरी खरे आहेत का?"

"ताई, तुम्ही पास झालात ना? मग झालं तर."

सासू घरी आली. पडल्या पडल्या तिने उजवा पाय पांघरुणाबाहेर काढला.

"हाही गार पडलाय बघ. काय करायचं ते कर बाई. तू आहेस म्हणून मला घोर नाही."

सून पायथ्याशी बसून राहिली. त्या पायाला हात लावायचा धीर होईना, आणि तिथून उठवेना.