हसीनाबीच्या घरचा कापूर

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मुरुम गावच्या बाजारातल्या कल्याणप्पांच्या दुकानातून हसीनाबीच्या घरी आलो, त्याला वीस वर्षं झाली. माझ्या पोटात कायम कापूर. कापराची झाडं दूरदेशी होतात. त्यांचं लाकूड वाफवलं, की हे पांढरे खडे मिळतात. आता पुष्कळसा कापूर कारखान्यातच बनतो. कल्याणप्पा त्याला कर्पूर म्हणत, शेजारच्या शांताक्का आरतीसाठी कापूर मागत आणि हसीनाबी म्हणे काफूर.

गावात कुणी मुसलमान बाई वारली, की शेवटची आंघोळ घालायला हसीनाबीला बोलावणं येई. हातातलं काम टाकून ती मला घेऊन निघे. शेवटच्या पाण्यात कापूर चुरून टाकी. मग कपाळाला, तळहातांना, गुडघ्यांना, पावलांना लावी. नमाज पढताना जमिनीला टेकतात ती हीच अंगं. "हसीनाबीचा हात लई हलका," असं बाया म्हणत आणि मला अभिमान वाटे.

गेल्या उन्हाळ्यात तिची एकुलती लेक जास्मिन काविळीनं गेली. बावीस वर्षांची होती.

"तुमी बसा, आमी करतो," बाया म्हणाल्या.

"न्हाय. ल्हानपणी म्याच न्हाऊ घातलं तिला. आजबी म्याच घालणार."

पण तिच्या बोटांना माझं झाकण उघडेना. उंबऱ्याशी बसलेल्या शांताक्कांनी ते उघडून दिलं. हसीनाबीनं सगळं नीट केलं. डोळ्यांतून टिपूस नाही. पावलांना कापूर लावताना मात्र हळूच म्हणाली, "किती गार पडलेत गं पाय."

तीन दिवस माणसं आली. मग कुणी फिरकलं नाही. "तिनं लई मयती बघितल्यात, तिला काय सांगायचं," असं लोक बोलत. मी फडताळात पडून राहिलो. त्या गडबडीत झाकण नीट बसलं नव्हतं. कापूर हवेत विरून गेला.

दोन महिन्यांनी पुन्हा एका घरून बोलावणं आलं. हसीनाबी उठली, मला उघडलं. आत नुसता वास होता. ती तिथंच खाली बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली. तिचे मालक खाजाभाई धावत आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रड. आता तरी रड."

मित्रांनो, सगळ्यांच्या दुःखात धावून जाणाऱ्या माणसालाही दुःख असतं. त्याच्या घरी जा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल. जवळ बसा.