चारही लागले तर

“चारही लागायला पाहिजेत?” अमितनं विचारलं.

“चारही. एक पडला की सगळं गेलं,” अनीश म्हणाला. “एकेका मॅचवर सुटी पैज लावलीस तर दुप्पटसुद्धा मिळत नाही. चार जोडल्या की तेरापट!”

“आणि लागायचा चान्स?”

“सोळात एक.”

“मग तेराच का देतात?”

“यार, त्यांनी काय धर्मादाय दवाखाना उघडलाय?”

दोघं हसले. अमित आणि मंजुषाताईंच्या नेत्राचा वाढदिवस होता, चँडलरमधल्या त्यांच्या सोसायटीच्या पूलवर. मी आमच्या आन्याच्या दंडात हवेचे फुगे चढवत होते. चार वर्षांची आहे ती, अजून पोहता येत नाही.

अनीशला, माझ्या नवऱ्याला, गणित कळत नाही असं नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीत खराब माल कुठे निघतो हे शोधणं हेच त्याचं काम. प्रत्येक टप्प्यावर शंभरातल्या नव्वद चिप चांगल्या निघाल्या, तरी चार टप्प्यांनंतर हातात पासष्टच उरतात, हे मला त्यानंच शिकवलं. ऑफिसात तो अर्ध्या टक्क्यासाठी भांडतो. रविवारी मात्र चार अर्ध्यामुर्ध्या शक्यता एकमेकींना बांधतो आणि म्हणतो, “मी अभ्यास करून लावतो.”

मला नुकतंच वर्क परमिट मिळालंय. येत्या शनिवारपासून हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीकएंड शिफ्ट. ते दोन दिवस आन्या त्याच्याकडे. होईल ना नीट, एवढंच आठवडाभर डोक्यात होतं.

मंजुषाताईंनी एक लाल पट्टा आणून अनीशच्या गळ्यात घातला. इकडे पूल पार्टीत ही पद्धतच आहे. ज्याच्या गळ्यात पट्टा, त्यानं फक्त पाण्याकडे बघायचं. गप्पा नाहीत, फोन नाही.

“मी घेते ना, ताई.”

“तू बस गं! बाप कशाला आहे? पुढच्या आठवड्यापासून सवय हवीच त्याला.”

मी केकवर मेणबत्त्या लावायला घेतल्या. वाऱ्यानं काडी विझत होती.

“अमित, तीन लागले!” अनीशचा आवाज आला. “चौथ्यात थोडीच मिनिटं राहिलीत. ॲप म्हणतंय, आत्ता सोड, सहापट घे.”

“मग घे की!”

“थांब रे, आकडा वर चाललाय...”

मी मान वर केली. दंडातले फुगे काठावर पडले होते. आन्या काठावर नव्हती. पायऱ्यांच्या पुढे पाण्याखाली तिचे केस पसरलेले दिसले. ओरडणं नाही, हात मारणं नाही. शेजारी बाकीची मुलं एकमेकांवर पाणी उडवत होती.

मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. पाणी माझ्या छातीपर्यंतच होतं. तिला वर उचललं तेव्हा क्षणभर काहीच झालं नाही. मग ती खोकली, ओकली आणि रडायला लागली. मी तिला कवटाळून पायऱ्या चढले.

“मी बघतच होतो गं,” अनीश पांढराफटक पडला होता. “आत्ता एक सेकंद फक्त...”

मंजुषाताईंनी टॉवेल आणले. अमित बिचारा गोंधळला आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेला, “चौथ्याचं काय झालं रे?”

अनीशनं फोन पाहिला.

“लागला,” तो हळूच म्हणाला. आणि त्याचा चेहरा फुलला. लगेच त्यानं तो सावरला, पण मी पाहिलं होतं.

घरी जाताना गाडी अनीश चालवत होता. तो म्हणाला, “ऐक ना, त्याच पैशांत आन्याला स्विमिंग क्लास लावू. आणि शनिवारी तू निर्धास्त जा. खरंच.”

 मी लॅबच्या मॅनेजरला शनिवारी न येण्याचं काय कारण सांगायचं, ते मनात जुळवत होते.

“ममा, व्हाय आर यू इन द बॅक?” आन्यानं विचारलं.

“अशीच गं.”

मी तिचा सीट बेल्ट ओढून पाहिला. घट्ट होता. पुढच्या सिग्नलला पुन्हा ओढून पाहिला.