पायलला येणारा वास

त्या रविवारी सकाळी दिघ्यातल्या आमच्या चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या बायकोच्या, पायलच्या अंगात कोण आलंय ते बघायला दोन गल्ल्या दारात लोटल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याच खाली आईनं बोलावलेले भगत, बाजीराव महाराज, लिंबं कापत बसलेले.

"सात खाड्यांच्या हडळी या कुंच्यानं पळवल्यात!" महाराज गरजले. "हिला घरचं पाणी द्या."

माझ्या आईनं पिंपातलं पाणी दिलं. एका घोटातच पायल ओकली. गर्दी मागं सरकली.

"आता हे मंतरलेलं." महाराजांनी आपल्या तांब्यातलं पाणी दिलं. ते ती घटाघटा प्यायली.

"बघा! हडळ घरचं पाणी उतरू देत नाही. मंत्रापुढं मात्र गप!" आणि कुंच्याचे तीन फटके पायलच्या पाठीवर पडले.

तिला चौथा महिना होता. मी कोपऱ्यात उभा होतो. आठ दिवस ती सांगत होती, "आकाश, पाण्याला थिनरसारखा वास येतोय." मी म्हणायचो, "नखरे नको करू." आणि माझी नोकरी काय? बाटल्यांच्या कंपनीत पाण्याचा वास तपासण्याची.

तेवढ्यात शेजारच्या शमसुन्निसाचाची पुढं आल्या. "तो तांब्या यानं आत्ता खालच्या नळावर भरला. मी तिथंच होते. मंत्र नाय, काय नाय. आनि पायल रोज माझ्या माठातलं पानी पिते. तवा हडळ कुठं जाते?"

नळ तोच, पाणी तेच. वेगळं फक्त पिंप. ते निळं पिंप मीच आठ दिवसांपूर्वी भंगारवाल्याकडून आणलेलं. आधी त्यात काय होतं, मी विचारलंच नव्हतं.

मी तीन काचेचे ग्लास घेतले. दोनांत नळाचं पाणी, एकात पिंपातलं. पायलच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. पाच वेळा जागा बदलल्या. पाचही वेळा तिनं नुसत्या वासावर पिंपाचा ग्लास ओळखला.

"मग हडळ पिंपातच शिरलीय!" महाराज म्हणाले.

"मग मार फटके पिंपाला!" चाची म्हणाल्या. सगळे हसले. महाराजांनी लिंबं गोळा केली.

प्लास्टिक आधीच्या मालाचा वास पिऊन ठेवतं. पत्र्याखाली तापलं की तोच वास पाण्यात सोडतं. आईचं नाक मिश्रीनं बधिर, मी दिवसभर कंपनीतलं पाणी पिणारा. पायल मात्र घरीच, त्यात गरोदरपणी नाक तिखट होतं.

डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे. घरी आल्यावर मी तिच्या पाठीला मलम लावत माफी मागितली.

"तीन ग्लास लागले तुला," ती म्हणाली. "माझा शब्द नाय पुरला?"

म्हणून सांगतो, घरातलं कोणी पाण्याला वास येतो म्हणालं, तर भगत बोलवू नका. ते पाणी पिणं थांबवा, भांडं बदला, शंका असेल तर पाणी तपासून घ्या. आणि तुमच्या नाकाला काही कळलं नाही, तरी सांगणारीला खोटी ठरवू नका.