थेंब आणि पोपडा

ब्लाउज उलटा करून शिवतात. शोभा बाहेर, शिवण आत.

कापसाचं बोंड उद्या फुटणार की आठवड्याने, हे झाडाला विचारावं लागत नाही. दाबलं की कळतं.

शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाला बारीक खड्डे असतात, सुई घसरू नये म्हणून.

माझी धाकटी जाऊ मीना बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून मागते. मलाच.

"ज्याच्या मनात जळण, त्याला चढंना कोणतंच औषध!"

हे शेवटचं भोंग्यावरून. भोंगा कुंभार पिंपळगावात, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. बाजाराचा दिवस. भाजी घ्यायला आलेल्या बायका पिशव्या तशाच धरून रांगेत उभ्या. कुणाच्या कोपरावर चट्टे, कुणाच्या पाठीवर पुरळ. समोर बाजेवर हरिओमबाबा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तीर्थाची वाटी.

"वासुकीनं कात टाकली, तशी तू टाकशील! कॉस्मिक कात!" बाबा ओरडायचा. कॉस्मिक म्हणजे काय, ते वासुकीला विचारा.

पद्धत अशी. बाबा आधी टॉर्च मारून अंग बघायचा, चांगलं निरखून. मग तळहात आपल्या हातात घेऊन त्यावर तीर्थाचा एकच थेंब सोडायचा. थेंब जागेवर थांबला तर, "मुरला! जा, दिवाळीच्या आत कातडी लोण्यासारखी!" ओघळून गेला तर, "उडाला! मनात जळण हाय. आधी जळणं सोड, डॉक्टरच्या गोळ्या सोड, मंग ये."

मीनाच्या पाठीवर बारीक लाल ठिपके होते. तिचा थेंब मुरला.

माझ्या कोपरांवर सोरायसिसचे जाड पांढरे पोपडे, पाच-सहा वर्षांपासूनचे. डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. माझा उडाला.

"ही बाई कोनावर तरी जळून राह्यली," बाबा भोंग्यात म्हणाला. सगळा बाजार आधी माझ्याकडे आणि मग मीनाकडे बघायला लागला.

बाबाचं एवढं मात्र खरं होतं. पण एका रिक्षातून दोन जावा उतरतात, एक हसत आणि एक तोंड पाडून, हे ओळखायला त्रिकालज्ञान लागत नाही.

•

दिवाळी. मीनाची पाठ साफ. ठिपका नावालाही नाही.

"बघ साधने," सासूबाई म्हणाल्या. "तिची श्रद्धा बराबर होती. तुझं मनच कोतं."

"आत्याबाई, मन कोपरात असतं का?"

"जीभ बघा हिची!"

मीना म्हणाली, "अक्का, पाठीला खोल गळा ठेवा. आता काय झाकायचंय?"

ठेवला. काळं कापड होतं. माझ्या कोपराचा कोंडा त्यावर पडत होता आणि मी तो फुंकर मारून तिच्या पाठीवरून उडवत होते.

मग मीही ठरवलं. गोळ्या बंद केल्या. जळणंही बंद करायला बसले, मशीन चालू ठेवून. एका टाक्याला "मीना चांगली," दुसऱ्या टाक्याला "मीना चांगली." बाही संपेपर्यंत मीना देवी झाली होती आणि माझे दात दुखायला लागले होते.

पोपडे वाढले. ते चाललं असतं. पण एका सकाळी कात्रीच्या कडीत बोट जाईना. लाल, टम्म, भेंडीसारखं. मग शेजारचं सुजलं.

कात्री हातात धरता आली नाही, तर मी कोण? मशीनजवळ बसलेली बाई.

•

जालन्याला दवाखान्यात मीनाच घेऊन गेली. तिचं हे चांगलं वागणंसुद्धा मला सहन होत नव्हतं.

डॉक्टर अक्षता तरुण. त्यांनी माझी बोटं दाबून पाहिली आणि मग बराच वेळ नखं बघितली.

"नखांवर हे खड्डे कधीपासून?"

मी पाहिलं. खरंच, बारीक खड्डे, माझ्या अंगुस्तानासारखे.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

"बाबांनी."

"बाबा बोटं परत करणार आहेत का?"

मग पोटातलं बाहेर आलंच. "डॉक्टरबाई, आम्हा दोघींनाही सोरायसिस. हिचा गेला, माझा का न्हाई? हिच्यात असं काय हाय?"

मीना खाली बघायला लागली. मग तिने मोबाईलमधला पाठीचा फोटो दाखवला, आजारात आईला पाठवलेला.

डॉक्टरांनी फोटो मोठा केला. "हे उठायच्या आधी घसा दुखला होता?"

"पोळ्याला! थुंकीसुद्धा गिळवत न्हवती," मीना म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"हा थेंबांचा सोरायसिस. अंगावर रंगाचे थेंब उडाल्यासारखे ठिपके. घशात जंतू शिरले की पुष्कळदा त्यानंतर उठतो, आणि बऱ्याच जणांचा काही महिन्यांत आपोआप ओसरतो. तुमचा पोपड्यांचा, साधनाताई. तो असा जात नाही. तो तर सांध्यात शिरलाय. नखांवरून तशी शंका येते, सुजेवरून खात्री पटते. काहींना काखेच्या-जांघेच्या घडीत ओले चट्टे येतात, काहींना पुवाचे फोड. नाव एकच, पण प्रकार वेगळे, म्हणून औषधंही वेगळी. तुम्ही शिवणकाम करता ना? एकाच मापाचा ब्लाउज सगळ्यांना शिवता?"

"शिवला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकंल."

आणि तिथेच, खुर्चीत, माझ्या डोक्यात टॉर्च पेटला.

बाबा थेंब बघतच नव्हता! तो आधी पाठ बघत होता. तळहात त्याच्याच हातात. सरळ धरला की थेंब मुरला, कलता केला की उडाला. जे आपोआप जाणार ते ठेवून घ्यायचे, बाकीच्यांना जळकं म्हणून हाकलायचे. उद्या फुटणारं बोंड आज ओळखायचं, आणि फुटलं की म्हणायचं, मी फोडलं.

"मापं तोही घेतो," मी म्हणाले. "फक्त शिवत काहीच न्हाई."

•

पुढच्या बाजारी मी रांगेच्या तोंडाशी उभी राहिले. बोटं अजून सुजलेली, पण गोळ्या पुन्हा सुरू. मीना शेजारी.

एक पोरगी पुढे आली. बाबाने टॉर्च लावला. मी मोठ्याने म्हणाले, "ठिपके. मुरंल."

"मुरला!" बाबा म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं.

पुढची म्हातारी. "पोपडे. उडंल."

तळहात कलला. थेंब उडाला. रांगेत कुजबूज.

"ठिपके. मुरंल." मुरला. "पोपडे. उडंल." उडाला.

कुणीतरी हसलं. "आरं, बाईच्या अंगात बी बाबा आल्ता का काय?"

बाबा चिडला. पुढे काकासाहेब होते, मोसंबीचे बागायतदार. दोन्ही ढोपरांवर पोपड्यांचे थर. दसऱ्याला त्यांना हाकललं होतं. मी म्हणाले, "उडंल." बाबाने मला खोटं पाडायला त्यांचा तळहात अगदी पाटासारखा सरळ धरला.

"मुरला! मन शुद्ध झालं!"

काकासाहेबांनी तळहाताकडे बघितलं. मग बाबाकडे.

"महाराज, काल रात्रभर मी भावाच्या मोसंबीवर जळून राह्यलो. बिलकुल झोप न्हाई. तरी मुरला?"

आवार हसण्याने दणाणलं.

"मंग आता ढोपरं साफ होणार म्हणा की," मीना ओरडली. "संक्रांतीला सगळे बघायला येऊ!"

बाबाने टॉर्च विझवला. बोंड हिरवं होतं, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"ही बाई जळकी हाय!" तो भोंग्यात किंचाळला.

"हाय," मी म्हणाले. "म्हणून तर नीट बघितलं. पुढं बोला."

त्याने भोंगाच बंद केला. संक्रांतीला लोक आले तेव्हा जिनिंगच्या आवारात फक्त बाज होती. काकासाहेबांची ढोपरं जशीच्या तशी. आता तेही जालन्याला जातात.

•

कात्रीच्या कडीत बोट जातं. एक मात्र थोडं वाकडंच राहिलं.

मीनावर मी अजून जळते. तिची पाठ बघते आणि जळते. त्याने माझे पोपडे वाढत नाहीत, न जळल्याने कमी होत नाहीत. जळणं हा स्वभाव आहे आणि सोरायसिस हा रोग आहे. दोन्ही एका पिशवीत भरून विकणारा भेटला, तर त्याला एवढंच विचारा: बरे झालेले दाखवलेस, परत पाठवलेले कुठे आहेत? आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध सोडू नका. माझं बोट बघून जा हवं तर.

बाबाकडे जायच्या आदल्या दिवशी मी मीनाच्या ब्लाउजचं माप घेतलं होतं. पाठीवरचे ठिपके तेव्हाच फिके पडायला लागले होते.